शनिवार-रविवारचं वाचन : 'खात्री किती?' हे सांगणारी पानं

राजकारण, सैन्य आणि समाजमाध्यमं या विषयांवर सुट्टीत वाचायला म्हणून ज्या याद्या फिरतात, त्यांत ताज्या घडामोडींवरचे दहा-बारा लेख असतात आणि सोमवार उजाडेपर्यंत त्यातले निम्मे शिळे होतात. इथे निवडीची कसोटी वेगळी आहे. जो मजकूर एखादी गोष्ट सांगताना आपल्याला तिची किती खात्री आहे आणि ती खात्री कुठून आली हे वाचकापुढे ठेवतो, तोच घेतला आहे. त्यामुळे यादीत 1832 सालचं पुस्तकही आहे आणि 2018 सालचा शोधनिबंधही. सगळं इंग्रजीत आहे, बरंचसं फुकट आहे. मोठे ग्रंथ पूर्ण वाचायचे नाहीत. कोणती पानं घ्यायची ते पुढे सांगितलं आहे.

सुरुवात एका छोट्या निबंधाने करा. सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेत मूल्यांकनाचं काम केलेल्या शर्मन केंट यांचा 'वर्ड्स ऑफ एस्टिमेटिव्ह प्रोबॅबिलिटी' हा निबंध 1964 साली संस्थेच्या अंतर्गत नियतकालिकात आला. आता तो सर्वांना खुला आहे आणि तासाभरात वाचून होतो. त्यातला मुख्य प्रसंग 1951 चा. युगोस्लाव्हियावर सोव्हिएत गोटाकडून हल्ला होईल का, यावर केंट यांच्या कार्यालयाने एक मूल्यांकन दिलं. त्यात हल्ल्याची 'गंभीर शक्यता' मानावी असं लिहिलं होतं. परराष्ट्र खात्यातल्या एका वरिष्ठाने विचारलं, गंभीर म्हणजे नेमकी किती? केंट यांच्या मनात 65 विरुद्ध 35 होतं, हल्ल्याच्या बाजूने. विचारणारा दचकला, कारण त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बरंच कमी धरलं होतं. मग केंट यांनी मूल्यांकन लिहिणाऱ्या मंडळातल्या लोकांनाच विचारलं. एकाच्या मनात 80 टक्के होते, दुसऱ्याच्या 20. ज्यांनी एकत्र बसून एका वाक्यावर सहमती दिली, त्यांनाही त्या वाक्याचा अर्थ एकसारखा कळलेला नव्हता.

यावर केंट यांनी जो तक्ता सुचवला तो कागदावर उतरवून घ्या, दोन्ही दिवस उपयोगी पडेल. 'जवळजवळ नक्की' म्हणजे 93 टक्के, थोडं इकडेतिकडे. 'संभवनीय' म्हणजे 75 च्या आसपास. 'दोन्ही बाजू सारख्या' म्हणजे 50. 'बहुधा नाही' म्हणजे 30. 'जवळजवळ नक्की नाही' म्हणजे 7. आता आपल्या बातम्यांमधलं 'शक्यता नाकारता येत नाही' हे वाक्य या तक्त्यात बसवून पाहा. ते कुठेच बसत नाही, कारण ते 2 टक्क्यांनाही खरं आहे आणि 60 टक्क्यांनाही. लिहिणाऱ्याचं काहीच पणाला लागत नाही. केंट यांच्या सहकाऱ्यांतही दोन तट होते. आकडा हवा म्हणणाऱ्यांना ते गणिती म्हणतात आणि शब्दांची छटा जपणाऱ्यांना कवी. कवींनी त्यांना शेवटपर्यंत दाद दिली नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं आहे. या यादीतला एकच मजकूर वाचायला वेळ असेल, तर हाच वाचा.

त्याला लागूनच ब्रिटन 2003 च्या इराक युद्धात कसा उतरला याच्या चौकशीचा अहवाल घ्या, म्हणजे समितीच्या अध्यक्षांच्या नावाने ओळखला जाणारा चिल्कॉट अहवाल. तो 6 जुलै 2016 ला प्रसिद्ध झाला. 12 खंड, सुमारे 26 लाख शब्द. घाबरू नका, सुमारे दीडशे पानांचा कार्यकारी सारांश स्वतंत्र मिळतो आणि दोन दिवसांसाठी तोच घ्यायचा. वाचताना सारांशातला सामूहिक संहाराच्या शस्त्रांविषयीचा भाग आधी काढा. सप्टेंबर 2002 मध्ये ब्रिटिश सरकारने इराकच्या शस्त्रांवर एक पुस्तिका संसदेपुढे ठेवली. तिच्या प्रस्तावनेत पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी म्हटलं होतं, की गुप्तचर माहितीतून गोष्टी 'निःसंशय' सिद्ध झाल्या आहेत. मूळ माहितीच्या आधारे तसं म्हणता येत नव्हतं, असा चौकशीचा निष्कर्ष आहे. धोका जेवढ्या खात्रीने मांडला गेला, तेवढी खात्री समर्थनीय नव्हती, असं अहवाल स्पष्ट शब्दांत सांगतो. केंट यांच्या तक्त्यात बोलायचं तर 'संभवनीय'च्या जवळपासचं काहीतरी प्रस्तावनेत चढून 'जवळजवळ नक्की'च्याही वर गेलं. त्यासाठी खोटा कागद बनवावा लागला नाही. सावध विशेषणं एकेक करून गळत गेली, एवढं पुरलं.

या अहवालाची मोठी सोय म्हणजे त्याचे परिच्छेद क्रमांकित आहेत. वाचताना क्रमांक टिपून ठेवा. वादात कुणी 'चिल्कॉटने असं म्हटलंय' म्हणालं तर लगेच तपासता येतं. हमखास होणारी चूक एक आहे. युद्ध बेकायदेशीर होतं असा निकाल या अहवालाने दिला, असं पुष्कळ जण समजतात. तो त्याने दिलेला नाही. चौकशी समिती म्हणजे न्यायालय नव्हे, आणि कायदेशीरपणावर मत देत नाही असं तिने स्वतःच म्हटलं आहे. कायदेशीर आधार ज्या पद्धतीने ठरवला गेला ती पद्धत मात्र समाधानकारक नव्हती, असं ती म्हणते. लष्करी कारवाई त्या वेळी शेवटचा उपाय नव्हती, हा निष्कर्षही तिचाच. या तीन वाक्यांतला फरक नीट कळला, तर सारांश नीट वाचला असं समजा. अहवालाची उणीव म्हणजे उशीर. 2009 मध्ये नेमलेल्या चौकशीला सात वर्षं लागली, आणि तोवर निर्णय घेणारे बहुतेक जण पदांवरून गेलेले होते. भाषा कोरडी आहे, पण इथे तो कोरडेपणाच विश्वास देतो.

प्रशियन सेनाधिकारी क्लाउझेवित्झच्या 'ऑन वॉर' या युद्धशास्त्रावरच्या ग्रंथातली फक्त काही पानं. पहिल्या खंडातलं सहावं प्रकरण युद्धातल्या माहितीबद्दल आहे आणि सातवं घर्षणाबद्दल, म्हणजे सोपं वाटणारं काम प्रत्यक्षात का अडतं याबद्दल. दोन्ही फार छोटी आहेत. युद्धात येणाऱ्या बातम्यांतल्या बऱ्याच परस्परविरोधी, त्याहून जास्त खोट्या आणि सर्वांत जास्त संशयास्पद असतात, असं तो लिहितो. त्यातही माणसाची भीती वाईट बातमीला आणखी फुगवते, हे त्याचं निरीक्षण आज मिनिटामिनिटाला हलणाऱ्या पडद्यासमोर बसलेल्या कुणालाही पटेल. पुस्तक पहिल्या पानापासून सुरू करू नका. पहिलं प्रकरण सर्वांत अमूर्त आहे. लोक तिथेच थांबतात आणि 'युद्ध म्हणजे राजकारणच' एवढं एक वाक्य उचलून निघतात. ग्रंथही अपुरा आहे. लेखक 1831 मध्ये वारला, आणि पत्नी मारी यांनी 1832 पासून तो छापून आणला. ग्रॅहॅम यांचं 1873 चं भाषांतर फुकट मिळतं पण जडशीळ आहे. हॉवर्ड आणि पॅरेट यांचं 1976 चं सोपं आहे, मात्र मूळ जर्मनपेक्षा ते गुळगुळीत झालं आहे, हा त्यावरचा आक्षेप रास्त आहे.

शनिवारची संध्याकाळ अमेरिकन पत्रकार वॉल्टर लिपमन यांच्या 'पब्लिक ओपिनियन'साठी ठेवा. पुस्तक 1922 चं, कॉपीराइटमुक्त, प्रोजेक्ट गुटेनबर्गवर आहे. पहिली दोन प्रकरणं पुरेत. पहिल्याची सुरुवात एका बेटापासून होते. 1914 साल, बेटावर इंग्रज, फ्रेंच आणि जर्मन राहतात, तार नाही, टपालाची बोट साठ दिवसांनी येते. बोट आली तेव्हा त्यांना कळलं, की सहा आठवड्यांहून जास्त काळ ते एकमेकांचे शत्रू आहेत आणि तेवढे दिवस मित्रांसारखे वागत होते. माणूस प्रत्यक्ष जगाला नव्हे, तर डोक्यातल्या जगाच्या चित्राला प्रतिसाद देतो, हा सगळ्या पुस्तकाचा गाभा इथेच येतो.

दुसरं प्रकरण मात्र शब्द न् शब्द वाचण्यासारखं आहे. फेब्रुवारी 1916, पहिल्या महायुद्धातली व्हर्दंची लढाई, दुओमोंचा किल्ला पडलेला. फ्रेंच मुख्यालयात अधिकारी बसून अधिकृत पत्रक लिहितात. लोकांना धक्का बसू नये, शत्रूला विजय मिरवता येऊ नये आणि उद्या आणखी वाईट बातमी आली तर आजचं वाक्य खोटं पडू नये, हे सगळं एकाच परिच्छेदात साधायचं असतं. मग तो किल्ला जुन्या संरक्षणव्यवस्थेचा पुढचा भाग ठरतो, आणि शत्रूने तो अनेक अयशस्वी हल्ल्यांनंतर, मोठी हानी सोसून घेतला असं जाहीर होतं. इथे एक गोष्ट माहीत हवी. 25 फेब्रुवारीला किल्ल्यात शिबंदी अगदीच तुटपुंजी होती आणि थोड्याशा जर्मन सैनिकांनी तो जवळजवळ न लढता घेतला होता. हे लक्षात ठेवून पत्रक वाचलं की त्यातला प्रत्येक शब्द कशासाठी आहे ते दिसतं. आजच्या संरक्षण खात्यांच्या पत्रकांत 'पूर्वनियोजित माघार', 'अधिक सोयीची स्थिती' असे शब्द आले की हे प्रकरण आठवेल. लिपमन यांचा उपाय तज्ज्ञांवर फार भिस्त ठेवतो. तो पटला नाही तरी निदान अचूक आहे.

रविवारी समाजमाध्यमं. सोरूश वोसूघी, देब रॉय आणि सिनान अराल यांचा 'सायन्स' नियतकालिकातला 2018 चा शोधनिबंध आधी. हा अभ्यास ट्विटरवर 2006 ते 2017 या काळात पसरलेल्या सुमारे 1,26,000 अफवा-साखळ्यांचा. त्या सुमारे 30 लाख लोकांनी 45 लाखांहून जास्त वेळा पुढे ढकललेल्या. खोटी बातमी पुढे ढकलली जाण्याची शक्यता खऱ्यापेक्षा 70 टक्क्यांनी जास्त, आणि 1,500 लोकांपर्यंत पोहोचायला खऱ्या बातमीला सुमारे सहापट वेळ. यंत्रखाती (आपोआप चालणारी खाती, म्हणजे बॉट) वगळली तरी निष्कर्ष बदलत नाही. ती खरं-खोटं दोन्ही सारखंच पसरवतात, फरक माणसं पाडतात.

हा निबंध जेवढा वाचला जातो त्याहून जास्त वेळा चुकीचा सांगितला जातो. 'समाजमाध्यमांवर सगळं खोटं सहापट वेगाने पसरतं' असं तो म्हणत नाही. त्याने ज्या बातम्या घेतल्या त्या सहा तथ्यतपासणी संस्थांनी तपासलेल्या होत्या. म्हणजे कुणाला तरी तपासाव्याशा वाटण्याइतक्या त्या आधीच गाजल्या होत्या. रोजच्या साध्या खऱ्या बातम्या या मापात आलेल्याच नाहीत. लेखकांनी ही अडचण स्वतः मांडली आहे आणि वेगळा नमुना घेऊन ताळाही पाहिला आहे. म्हणून सारांश वाचून थांबू नका. पद्धतीचा भाग आणि आलेख पाहा. आलेखांचा उभा अक्ष लॉगरिदमिक आहे, त्यामुळे डोळ्यांना लहान वाटणारं अंतर प्रत्यक्षात दहापट असू शकतं.

आंदोलनांच्या बाजूने समाजशास्त्रज्ञ झेनेप तुफेक्ची यांचं 'ट्विटर अँड टिअर गॅस' (2017) घ्या. येल विद्यापीठाच्या प्रकाशनाचं असूनही लेखिकेने त्याची मोफत प्रत उपलब्ध करून दिली आहे. इंटरनेटच्या जाळ्यामुळे लाखाचा मोर्चा आठवड्यात उभा राहतो, पण पूर्वी तो उभा करायला जे महिने लागत त्या महिन्यांत संघटना घडत असे, निर्णय कसे घ्यायचे ते ठरत असे, माणसं एकमेकांना कळत असत. ते महिने गेले की मोर्चाचा आकार तोच दिसतो, मागचं बळ तेवढं नसतं. 1963 च्या नागरी हक्कांसाठीच्या वॉशिंग्टन मोर्चाची तयारी त्यांनी याच मुद्द्यासाठी उलगडून दाखवली आहे. शेवटच्या भागात सेन्सॉरशिपच्या नव्या रीतीचं वर्णन आहे: मजकूर दाबायचा नाही, त्यावर इतका गोंधळ ओतायचा की लक्षच टिकू नये. पुस्तकाची मर्यादा म्हणजे इजिप्त आणि तुर्कस्तानच्या अनुभवावर त्याचा मोठा भर आहे.

हे पुस्तक वाचून समाजमाध्यमांबद्दल थोडा जिव्हाळा वाटला, तर त्याला उतारा म्हणून म्यानमारवरच्या संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन समितीचा सप्टेंबर 2018 चा सविस्तर अहवाल उघडा. त्यातला फक्त द्वेषयुक्त प्रचाराचा भाग वाचा. रोहिंग्यांविरुद्धच्या फेसबुकवरच्या नोंदी भाषांतरासह दिल्या आहेत. बहुतेक वापरकर्त्यांसाठी फेसबुक म्हणजेच इंटरनेट असलेल्या देशात काय होतं, ते तिथे दिसतं. वाचायला जड आहे. एका बैठकीत संपवायचा आग्रह धरू नका.

आता आकडे. शस्त्रव्यवहारासाठी स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेची माहिती फुकट मिळते, 1950 पासूनची. पण तिथला टीआयव्ही (ट्रेंड इंडिकेटर व्हॅल्यू) हा आकडा पैशात नसतो. तो शस्त्राच्या ज्ञात उत्पादनखर्चाच्या आधारे ठरवलेला, लष्करी साधनांचं हस्तांतर मोजणारा निर्देशांक आहे. वापरलेलं विमान नव्यापेक्षा कमी धरलं जातं, आणि सौदा किती रकमेचा झाला याच्याशी त्याचा संबंध नाही. त्याच्यामागे डॉलरचं चिन्ह लावून फिरणारे आलेख सपशेल चुकीचे असतात. दुसरं, एका वर्षाची तुलना दुसऱ्या वर्षाशी करू नका. दोन पाणबुड्या एकाच वर्षी सुपूर्द झाल्या की आलेख उसळतो, पुढच्या वर्षी कोसळतो. म्हणूनच संस्था पाच-पाच वर्षांचे गट करते. संरक्षणखर्चाची माहिती वेगळी असते आणि ती पैशात असते. या दोन्हींची गल्लत हीच सर्वांत नेहमीची चूक.

युक्रेनमधल्या साधनसामग्रीच्या हानीसाठी ओरिक्स या संकेतस्थळाची यादी अशीच सावधपणे वापरायची. प्रत्येक नोंदीला छायाचित्र किंवा चित्रफीत जोडलेली असते आणि नोंद नष्ट, नुकसानग्रस्त, सोडून दिलेलं किंवा हस्तगत यांपैकी एका रकान्यात जाते. त्यामुळे तो आकडा किमान हानीचा असतो, एकूण हानीचा नाही. ज्या बाजूच्या हातात मैदान आणि कॅमेरा आहे, तिने टिपलेलं जास्त दिसतं. दहा-बारा दुवे स्वतः उघडून वाहनाचा प्रकार ओळखून पाहा. यादी किती कष्टाची आहे ते तेव्हा कळतं.

शेवटचं वाचन हाताने करून पाहायचं आहे. संयुक्त राष्ट्रांचं मानवाधिकार कार्यालय आणि बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातलं मानवाधिकार केंद्र यांनी 2020 मध्ये 'बर्कली प्रोटोकॉल' काढला. समाजमाध्यमांवरचा मजकूर न्यायालयात टिकेल अशा रीतीने कसा गोळा करायचा, जपायचा आणि पडताळायचा, याची ती नियमावली आहे. त्यातला जतन आणि पडताळणीचा भाग वाचा आणि मग युद्धाची म्हणून फिरणारी एक चित्रफीत घ्या.

आधी ती डाउनलोड करून घ्या, दुवा आणि वेळ लिहा, फाइलचा हॅश (ती नंतर बदललेली नाही हे दाखवणारा तिचा अंकाक्षरी ठसा) काढून ठेवा. मूळ नोंद केव्हाही काढली जाऊ शकते. मग ठळक चौकटी, म्हणजे चित्रफितीतली स्थिर दृश्यं, वेगळ्या करून प्रतिमाशोध करा, एक नव्हे तर दोन-तीन शोधयंत्रांवर. सर्वांत जुनी प्रत सापडेपर्यंत थांबू नका. त्यानंतर जागा: मनोरे, छपरांचे आकार, रस्त्यांचे फाटे, डोंगराची कड उपग्रहचित्राशी जुळवा. उपग्रहचित्राची तारीख पाहायला विसरू नका, बॉम्बहल्ल्याआधीचं चित्र असेल तर इमारत उभी दिसेल. जागा नक्की झाल्यावरच सावल्यांवरून वेळ काढता येते, आधी नाही, कारण दिशा ठाऊक नसेल तर सावली काहीच सांगत नाही. छायाचित्रातला मेटाडेटा, म्हणजे फाइलमध्ये दडलेली वेळ-जागेची माहिती, शोधत बसू नका. बहुतेक माध्यमं फाइल चढवताना तो काढून टाकतात. नोंदीवर दिसणारी वेळ बऱ्याचदा तुमच्या घड्याळाप्रमाणे असते, घटनास्थळाच्या नव्हे. चित्रफीत आरशातल्यासारखी उलटी केलेली असू शकते, म्हणून पाट्यांवरची अक्षरं तपासा. आणि 'आर्मा 3' या संगणकावरच्या खेळातली दृश्यं खऱ्या युद्धाची म्हणून इतकी फिरली, की तो बनवणाऱ्या कंपनीनेच 2022 मध्ये ती कशी ओळखावीत हे जाहीर केलं: धूसर, हलती, अंधारी, बहुधा आवाजाविना, आणि हलती-फिरती माणसं क्वचितच दिसणारी.

ही पद्धत मोठ्या प्रमाणावर कशी चालते ते पाहायचं तर खुल्या स्रोतांवरून तपास करणाऱ्या बेलिंगकॅट या गटाचं एमएच-17 वरचं काम वाचा. 17 जुलै 2014 ला पूर्व युक्रेनवर पाडल्या गेलेल्या मलेशिया एअरलाइन्सच्या या प्रवासी विमानात 298 जण गेले. ते ज्याने पाडलं त्या 'बुक' नावाच्या विमानविरोधी क्षेपणास्त्राच्या वाहनाचे वेगवेगळ्या लोकांनी काढलेले फोटो जागा आणि वेळेनुसार लावत त्यांनी ते वाहन रशियातल्या 53 व्या विमानविरोधी ब्रिगेडपर्यंत नेलं. अधिकृत संयुक्त तपासही पुढे त्याच ब्रिगेडपाशी पोहोचला. नोव्हेंबर 2022 मध्ये डच न्यायालयाने तिघांना गैरहजेरीत दोषी ठरवलं आणि चौथ्याला सोडलं. चौथा का सुटला, ते निकालपत्राच्या सारांशात आहे. तेही वाचा.

थॉमस रिड यांचं अपप्रचाराचा इतिहास सांगणारं 'ॲक्टिव्ह मेझर्स' (2020) मुद्दाम या दोन दिवसांत घेतलेलं नाही. जाडजूड आहे, पुढच्या सुट्टीसाठी राखा. उघडलंच तर एड्सविषयीचं प्रकरण काढा. हा विषाणू अमेरिकेने बनवला असा दावा करणारं निनावी पत्र जुलै 1983 मध्ये दिल्लीच्या 'पेट्रियट' या वृत्तपत्रात आलं. ते दोन वर्षं जवळजवळ पडून राहिलं. ऑक्टोबर 1985 मध्ये मॉस्कोच्या 'लितेरातुर्नाया गाझेता'ने त्याचा हवाला दिला आणि मग ते देशोदेशी पसरलं. वाचताना प्रत्येक वेळी कुणी कुणाचा हवाला दिला हे बाण काढून कागदावर मांडत जा.